देव खरंच म्हातारा आहे का?

प्रश्न: आमच्या गावठाणातल्या घरी आजीच्या वेळचं पवित्र त्रैक्याचं, म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तिघांतल्या एकाच देवाचं चित्र आहे, पांढऱ्या दाढीचा देवबाप, शेजारी येशू, मधे कबूतर. माझी सात वर्षांची मुलगी विचारते देव म्हातारा आहे का, आणि आत्मा पक्षी कसा? मला काही सांगता आलं नाही. हे असंच काढायचं कोणी ठरवलं?
– एक वाचक, वांद्रे

उत्तर: ताई, मुलीला शाबासकी द्या, कारण नेमका हाच प्रश्न १७४५ साली पोपपर्यंत गेला होता! जर्मनीत तेव्हा पवित्र आत्मा देखणा तरुण म्हणून दाखवलेली चित्रं फिरत होती, त्यावर पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ऑग्सबर्गच्या बिशपना लांबलचक पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता, देव मुळात कसा दिसतो हे कोणीच रंगवू शकत नाही, पण बायबलमधे तो माणसांना ज्या रूपात दिसला ते रूप काढायला हरकत नाही. दानीएल या संदेष्ट्याला दृष्टांतात दिसला तो पुराणपुरुष, लोकरीसारखे केस, म्हणून बाप म्हातारा. यार्देन नदीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आत्मा कबुतरासारखा उतरला म्हणून कबूतर. तरुणाचं रूप मात्र बंद.

व्हेनिसचा चित्रकार तिएपोलो त्याच काळातला, आणि मला तो फार म्हणजे फार आवडतो. संत क्लेमेंटला त्रैक्याचं दर्शन होतं ते त्याचं चित्र आता म्युनिकच्या म्युझियममधे आहे, त्यात हे तिघेही आहेत, पण क्लेमेंट गुडघे टेकून वर बघतोय आणि आपण त्याच्या मागोमाग बघतो, म्हणजे चित्र देवाचं नाही, देव *दिसण्याचं* आहे, हा फरक मला खूप मोठा वाटतो. व्हेनिसच्याच जेसुआती चर्चच्या छतावर त्याने १७३७ ते ३९ मधे रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा प्रसंग रंगवला, ओल्या चुन्यावर, गिलावा सुकायच्या आत रोजचा तुकडा रोज संपवायचा. खाली पायऱ्यांवर संत डॉमिनिक लोकांना जपमाळा देतोय, पाखंडी लोक तर चौकटीबाहेर कोसळताना दिसतात, वर ढगांत मरियामाता, आणि मधे नुसतं मोकळं आकाश आणि उजेड! तिथे काहीच काढलेलं नाही तरी मान वर केली की नजर तिकडेच जाते.

मुलीला सांगा, देव म्हातारा नाही, दानीएलाला तसा दिसला. आणि तुमच्या चित्रात बापाच्या डोक्यामागे त्रिकोणी तेजोवलय आहे का ते तिलाच शोधू द्या, तीन बाजू पण आकार एकच, जुने चित्रकार त्रैक्याची खूण म्हणून ते काढायचे.