‘आलिया भोगासी असावे सादर’ या ओळीतील ‘सादर’ आणि ‘भार’

एका वाचकाने विचारले आहे की, संकटात सापडलेल्या माणसाला ‘आलिया भोगासी असावे सादर’ असे म्हटले जाते, तेव्हा ‘सादर’ याचा अर्थ ‘निमूटपणे सोसायला तयार’ असाच घ्यायचा का. आणि ‘देवावर भार घालणे’ व ‘देवावर सोडून देणे’ हे दोन्ही वाक्प्रचार एकच आहेत का. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण मूळ अभंगाच्या वाक्यरचनेतच सापडते.

तुकोबांचे पूर्ण चरण ‘आलिया भोगासी असावे सादर । देवावरी भार घालूनिया’ असे आहे. बोलण्यात त्याचा पूर्वार्ध राहिला आणि उत्तरार्ध गळून पडला, त्यामुळे श्रद्धेचे वाक्य हताशपणाचे वाटू लागले. ‘घालूनिया’ हे ‘घालून’चेच जुने रूप आहे, आणि असे ‘ऊन’ प्रत्ययाचे रूप मुख्य क्रियेच्या आधी घडलेली किंवा तिच्यासोबत चालू राहिलेली क्रिया दाखवते. म्हणजे अर्थाच्या क्रमाने भार घालणे आधी येते आणि सादर असणे नंतर. ज्याच्या डोक्यावरचे ओझे उतरलेलेच नाही, त्याला ‘सादर हो’ असे या अभंगात कोठेही सांगितलेले नाही.

‘सादर’ हा शब्द ‘स’ आणि ‘आदर’ यांपासून झाला आहे. आज आपण तो अर्ज, अहवाल किंवा कला ‘सादर करणे’ यांतच जास्त वापरतो; परंतु पोथ्यांमध्ये श्रोत्यांना ‘सादर ऐका’ अशी विनवणी असते, तेथे त्याचा अर्थ ‘आदराने, पूर्ण लक्ष देऊन’ असा होतो. हीच छटा अभंगात घेतली, तर भोगाकडे पाठ न फिरवता, त्याच्यासमोर जागेपणाने उभे राहणे असा अर्थ निघतो. आजार आला असेल तर औषधोपचार करणे, कर्ज झाले असेल तर हिशेब मांडून बसणे, हेही या अर्थाने सादर असणेच आहे. शिवाय ‘आलिया’ म्हणजे ‘आलेल्या’. जे दुःख आले आहे त्याच्याविषयी हे सांगणे आहे. उद्या येऊ शकणाऱ्या दुःखांची आजच उजळणी करण्याविषयी नाही.

आता ‘भार’. ‘सोडून देणे’ म्हटले की माणूस त्या विषयातूनच बाजूला होतो. भार घालण्यात मात्र तो बाजूला होत नाही. ओझे दुसऱ्याकडे जाते आणि वाट त्यालाच चालायची असते. तुकोबांच्याच दुसऱ्या एका अभंगात ‘चालो वाटे आम्ही तुझाचि आधार । चालविसी भार सवे माझा’ असे आहे, त्यात चालणारे ‘आम्ही’ आहोत आणि भार वाहणारा देव आहे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण देवावर विश्वास ठेवणारा माणूस प्रयत्न सोडतो, हा सरसकट आक्षेप या वाक्प्रचाराला लागूच पडत नाही.

मग देवावर घालायचे ते ओझे नेमके कसले? याचे उत्तर ‘आलिया भोगासी’ याच अभंगात पुढे आहे: ‘भयाचिये पोटी दुःखाचिया राशी’. येथे ‘पोटी’ म्हणजे ‘आत’ असाही अर्थ होतो आणि ‘एखाद्याच्या पोटी जन्मणे’ यातल्यासारखा ‘पासून उत्पन्न होणारे’ असाही. दोन्ही अर्थ खरे ठरतात. संकट एकच असते, पण त्याच्या भीतीतून दुःखांच्या राशी जन्माला येतात, आणि माणूस बहुधा त्या राशींखालीच दबून जातो. हा भीतीचा आणि परिणामाच्या चिंतेचा भार उतरवता येतो. ‘शरण देवासी जाता भले’ हे शब्द लगेच पुढे येतात ते यासाठीच, असे मी समजतो.

याच अभंगातल्या ‘मग तो कृपासिंधु निवारी सांकडे’ या चरणातील ‘सांकडे’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘साकडे घालणे’ म्हणजे आर्जवाने गळ घालणे हा अर्थ आज रूढ आहे, पण येथे त्याचा अर्थ अडचण, संकट असा आहे. संस्कृत ‘संकट’ याचाही एक अर्थ ‘अरुंद, दाटीचे’ असा होतो आणि ‘सांकडे’ त्याच्यापासूनच आले आहे. चहूबाजूंनी कोंडी होणे हा अनुभव या शब्दात मुळापासून आहे.

हे शब्द सुखवस्तू माणसाचे नाहीत. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांनी द्रव्य आणि मान गमावला आणि त्यांची एक पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे. म्हणून नुकत्याच शोकात बुडालेल्या माणसाला वरून उपदेश केल्यासारखा केवळ पूर्वार्ध ऐकवणे मला योग्य वाटत नाही. ‘असावे’ या क्रियापदाला अभंगात कर्ता दिलेला नाही. ते ‘तू’ला उद्देशून नाही, बोलणाराही त्यात येतो. ओळ उद्धृत करायचीच असेल तर दोन्ही अर्ध्यांसह करावी, आणि लिहिताना ‘आलीया’ असे दीर्घ न लिहिता ‘आलिया’ असे ऱ्हस्व लिहावे.