लग्नाआधी ओठांत फिलर करायचा आहे. पार्लरमध्ये रविवारी बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांकडे केला तर चालेल का? चांगला डॉक्टर ओळखायचा कसा?

लग्न तीन आठवड्यांवर आलंय, आणि पार्लरच्या ताई म्हणतात की डॉक्टरांचा ‘हात एकदम हलका’ आहे, क्लिनिकच्या निम्म्या पैशांत होईल, असं तुम्ही लिहिलंय. तर करू नका. त्यांच्याकडे तर नकोच, पण इतक्या घाईत दुसऱ्या कुणाकडेही नको.

‘हात हलका’ हे शब्द वाचले म्हणून उत्तर लिहायला घेतलं. त्वचारोगाच्या ओपीडीत हे शब्द वरचेवर कानावर येतात, आणि बहुतेक वेळा समोर बिघडलेला चेहरा असतो. एकच पेशंट सांगते. वय अठ्ठावीस. नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी जी रेषा असते, तिच्यात दोन्ही बाजूंना मिळून एक मिली फिलर, म्हणजे त्वचेला भरीव करणारी जेल, टोचून भरलेला. टोचणाऱ्याचा हात खरोखरच हलका असावा, कारण सुईची खूणसुद्धा शोधावी लागत होती. टोचतानाच उजवी नाकपुडी आणि वरचा ओठ पांढरा पडला होता. थोड्या वेळाने रंग परत आल्यासारखा वाटला. फार दुखलंही नाही, कारण बहुतेक फिलरमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन आधीच मिसळलेलं असतं. बर्फ लावा म्हणून घरी पाठवलं. रात्री ठणका सुरू झाला. दुसऱ्या दिवशी फोनवर उत्तर मिळालं, “नीळ आहे, उतरेल.” तिसऱ्या दिवशी नाकपुडीच्या कडेवर बारीक पिवळट पुटकुळ्या आल्या आणि गालापासून ओठापर्यंत जांभळी जाळी उमटली. मध्ये कुणीतरी नागीण समजून गोळ्याही दिल्या होत्या.

ती नागीण नव्हती आणि नीळही नव्हती. त्या रेषेच्या आसपासूनच चेहऱ्याची मुख्य धमनी नाकाकडे चढते. फिलरची जेल त्या धमनीत गेली की ती पुढे जाऊन अडकते आणि पलीकडच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. नीळ आणि ब्लॉक यांतला फरक बोटाने कळतो. त्वचा दाबायची, सोडायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. निरोगी त्वचेत दोनेक सेकंदांत गुलाबी रंग येतो. या मुलीच्या नाकपुडीत सहापर्यंत मोजलं तरी पांढरा ठिपका तसाच होता. अशा वेळी बर्फ घातकच, कारण थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. तिथे कोमट शेक हवा.

या ब्लॉकवर औषध आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर विरघळवतं. आपल्याकडे त्याची १५०० युनिटची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, मिळते. सलाइनमध्ये कालवून ते फक्त टोचल्या जागी देऊन भागत नाही, फिकट आणि जांभळ्या पडलेल्या पूर्ण पट्ट्यात भरावं लागतं. मग मसाज, शेक, तासाभराने पुन्हा दाबून बघणं, आणि रंग आला नसेल तर पुन्हा तेवढंच. पहिल्या काही तासांत हे झालं तर बहुतेक वेळा त्वचा वाचते. आम्ही तिला तिसऱ्या दिवशी दिलं. गाल आणि ओठ सुधारले, पण नाकपुडीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच कायमची राहिली. जिथे फिलर भरला तिथे ही व्हायल ठेवलेलीच नव्हती. फिलरच्या एका सिरिंजपुढे तिची किंमत किरकोळ असते.

म्हणून ‘चांगला डॉक्टर कोण’ यापेक्षा ‘बिघडलं तर पहिल्या तासात काय कराल’ हे विचारा. फोनवरच विचारा. हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, किती व्हायल आहेत, एक्स्पायरी कधीची? एक व्हायल पुरेलच असं नाही. रात्री अकराला ओठ पांढरा पडला तर कुणाचा नंबर लावायचा? डोळ्यासमोर अंधारी आली तर कुठल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला पाठवाल? हा शेवटचा प्रश्न अतिशयोक्तीचा वाटेल, पण भुवयांमधल्या आणि नाकावरच्या धमन्या डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या आहेत. जेल उलटी सरकून तिकडे गेली तर दृष्टिपटल तास-दीड तासाच्या वर तग धरत नाही. ज्याने तयारी ठेवलीय तो या प्रश्नांवर चिडत नाही, लगेच उत्तर देतो. ‘आमच्याकडे असलं कधी होत नाही’ असं ऐकू आलं तर फोन ठेवा.

आता डिग्री. एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा त्वचारोगातला असावा, नाहीतर एमसीएच प्लास्टिक सर्जरी. चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणारे एमडीएस मॅक्सिलोफेशियल सर्जन चेहऱ्याचं शरीरशास्त्र उत्तम जाणतात, त्यांना मी यातून वगळणार नाही. पण ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक फिजिशियन’, ‘फेलोशिप इन कॉस्मेटिक मेडिसिन’ या पाट्यांवर जाऊ नका. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये सहा जणांत एक मॉडेल टोचायला मिळतं आणि सर्टिफिकेट हातात पडतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं ते हेच. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठीचा सीसीएमपी हा एक वर्षाचा कोर्स औषधशास्त्राचा आहे, धमन्या चुकवत सुई कशी न्यायची हे तिथे शिकवत नाहीत. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासा, एमडीएस असतील तर डेंटल कौन्सिलकडे. तो क्लिनिकमध्ये, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवरही असायला हवा, हा २००२ च्या आचारसंहितेचाच नियम आहे. नाव सापडलं तरी तिथे नोंदलेली डिग्री कुठली तेही वाचा.

आमच्याच लोकांना मात्र यातून सोडणार नाही. पाटीवर एमडीचं नाव आणि सुई असिस्टंटच्या हातात, हे राजरोस चालतं. ‘शिकून काय होतं, शेवटी हात बसावा लागतो,’ असं म्हणणारे सीनियरही आहेत, आणि वर्कशॉप भरवणारे बहुतेक तेच. माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही. फोटोत सुंदर ओठ काढायला बसलेला हात पुरतो. पांढरी पडलेली नाकपुडी ओळखायला शिक्षणच लागतं. म्हणून सुई तुम्ही स्वतः धरणार का, हे डॉक्टरांना तोंडावर विचारा. यात उद्धटपणा काही नाही.

खोलीत गेल्यावर डोळे उघडे ठेवा. फिलरचा सीलबंद बॉक्स तुमच्यासमोर फोडला गेला पाहिजे. आत सिरिंजबरोबर लॉट नंबरचे सुटे स्टिकर असतात, एक तुमच्या फाइलला लावून घ्या आणि एकाचा फोटो काढा. सिरिंज एकाच माणसाची. ‘अर्धी उरलीय, तुम्हाला स्वस्तात देते’ म्हणजे दुसऱ्याच्या रक्ताला लागलेली जेल. रविवारच्या पार्लर-बॅचमध्ये हाच धोका मोठा. फिलर कुठला तेही विचारा, कारण कॅल्शियमवाले आणि पॉलिलॅक्टिक ॲसिडवाले हायल्युरोनिडेजने विरघळत नाहीत. ओठांत ते नकोतच. सिलिकॉन तर कुठेच नको. सुईशिवाय दाबाने जेल उडवणारं ‘हायल्युरॉन पेन’ हातात दिसलं तर उठून या. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२१ मध्ये त्याविरुद्ध उघड इशारा दिलाय.

तुम्ही बोटॉक्सचंही, म्हणजे स्नायू सैल करून आठ्या घालवणाऱ्या इंजेक्शनचंही, विचारलंय, ते थोडक्यात. पैसे युनिटवर ठरवा, ‘एरिया’वर नको. १०० युनिटच्या व्हायलमध्ये अडीच मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांना पाच ठिकाणी मिळून २० युनिट हा मूळ डोस. पाच मिली घातलं की तेवढ्याच थेंबात औषध निम्मं, आणि मग ‘दीड महिन्यात उतरलं’ अशी तक्रार येते. हा हिशेब फक्त बोटॉक्सचा, डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचे युनिट वेगळे. सलाइन भरताना बघा, व्हायलमधली पोकळी ते आपोआप आत ओढून घेते. ओढलं नाही तर ती व्हायल टाकून द्यायची असते. व्हायल फ्रिजमधून, २ ते ८ अंशांतून बाहेर आली पाहिजे, पर्समधून नव्हे. २०२४ मध्ये अमेरिकेत सापडलेल्या बनावट बोटॉक्सच्या खोक्यांवर १५० युनिट छापलं होतं. कंपनी तसा पॅक बनवतच नाही. सुई भुवईजवळच्या हाडाच्या कडेला फार टेकली तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूत उतरतं आणि पापणी काही आठवडे लोंबते. लग्नाचा अल्बम बिघडायला एवढं पुरे.

तारखेचं गणित असं: ओठांची सूज दोन-तीन दिवस चढते, नीळ आठ-दहा दिवस टिकू शकते, आणि खाली-वर झालं तर दुरुस्तीला आणखी दोन आठवडे. बोटॉक्सचा पूर्ण परिणामही दोन आठवड्यांनीच दिसतो. दोन्हीसाठी किमान सहा आठवडे हातात हवेत, तुमच्याकडे तीन आहेत. रिसेप्शन झाल्यावर करा.

हेही सांगायला हवं की निष्णात डॉक्टरच्या हातूनही धमनी ब्लॉक होते. क्वचित, पण होते. ओठांवर पूर्वी ताप उठून पुटकुळ्या येऊन गेल्या असतील, मधमाशी चावल्यावर ॲलर्जी आली असेल, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर आधी सांगा. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन नीळ टाळायला स्वतःहून बंद करू नका.

आणि हे वाचेपर्यंत त्यांच्याकडे टोचून झालंच असेल, तर आरशासमोर जा आणि ओठ, नाकपुडी, हनुवटी एकेक करून दाबून सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांच्या वर लागत असतील, जाळी दिसत असेल किंवा ठणका वाढत असेल, तर बर्फ काढा, पार्लरला फोन करत बसू नका. वैद्यकीय कॉलेजच्या किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला आत्ता निघा आणि दारातच ‘फिलरने रक्तवाहिनी ब्लॉक झालीय, हायल्युरोनिडेज हवंय’ असं सांगा. नजर अंधुक झाली असेल तर सरळ डोळ्यांच्या हॉस्पिटलला.