हेलिकॉप्टरची परीक्षा घ्यायला शिकवणारे

प्रश्न : नाशिकरोडला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गांधीनगरची लष्कराची हेलिकॉप्टरं डोक्यावरून जाताना बघतच ती मोठी झाली. आता म्हणते, ‘मला हेलिकॉप्टर फ्लाइट टेस्ट इंजिनीअरिंगची इन्स्ट्रक्टर व्हायचंय.’ ही नेमकी कसली नोकरी? एम.टेक. करून थेट शिकवता येतं का? आणि जिवाला धोका किती? – एक पालक

उत्तर : नमस्कार. थेट शिकवता येत नाही. आधी स्वतः चाचणी अभियंता (फ्लाइट टेस्ट इंजिनीअर), म्हणजे चाचणीच्या उड्डाणात हेलिकॉप्टरची मोजमापं घेणारा, व्हायचं, काही वर्षं उड्डाणं करायची, रिपोर्ट लिहायचे, आणि मग संस्थेला वाटलं तर शिकवायला बोलावणं येतं. मुलीचं ध्येय चुकलेलं नाही, तिने फक्त दुसऱ्या मजल्यावरची खोली आधी बघून ठेवली आहे.

आपल्याकडे हे शिक्षण बंगळुरूला हवाई दलाच्या टेस्ट पायलट स्कूलमध्ये मिळतं. कोर्स साधारण वर्षभराचा असतो आणि टेस्ट पायलट व चाचणी अभियंते एकत्र शिकतात. बाहेर इंग्लंडात बॉस्कम डाउन, फ्रान्समध्ये इस्त्र, अमेरिकेत पॅटक्संट रिव्हर आणि मोहावी इथे अशा शाळा आहेत. स्वतःच्या खिशातून फी भरून जाण्याची ही जागा नाही. दुकान गहाण ठेवायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. नोकरी देणारी संस्थाच उमेदवार निवडून पाठवते.

शिकवतात काय, ते एका उदाहरणाने सांगतो. कमी वेगात हेलिकॉप्टरचा वेगदर्शक भरवशाचा राहत नाही, कारण वरच्या पात्यांचा वारा त्याच्यावर आदळत असतो. मग पहाटे, वारा पडलेला असताना, धावपट्टीवर एक गाडी ठरावीक वेगाने पळवतात आणि हेलिकॉप्टर तिच्या बरोबरीने उडतं, कधी आडवं, कधी चक्क मागे. प्रत्येक वेगाला पायाखालचं पेडल किती दाबलं गेलं आणि किती शिल्लक राहिलं, ते अभियंता टिपतो. शेपटीच्या पंख्याचा जोर या पेडलने कमी-जास्त होतो. ते संपलं की नाक सरळ धरता येत नाही.

आता विद्यार्थी रिपोर्टात लिहितो, ‘पेडल कमी पडतं.’ इन्स्ट्रक्टर समासात विचारतो : किती कमी? कुठल्या वेगाला, कुठल्या बाजूच्या वाऱ्यात, किती वजन आणि किती उंची असताना? आणि त्यामुळे पायलटला कुठलं काम जमणार नाही, डोंगरातल्या हेलिपॅडवर उतरणं की जहाजाच्या डेकवर? एवढं सगळं आल्याशिवाय ते वाक्य पास होत नाही. ‘थोडे खिळे द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला तुम्हीही हेच विचारता.

दुसरं काम पायलटला बोलतं करायचं. हेलिकॉप्टर हाताळायला किती सोपं, याला पायलट १ ते १० गुण देतो. १९६९ मध्ये ठरलेली ही कूपर-हार्पर पट्टी अजून वापरात आहे. इथे १ सगळ्यात चांगला. ३ म्हणजे आहे तसं चालेल, ४ म्हणजे सुधारणा हवी, आणि त्या एका गुणाच्या फरकावर डिझाइन बदलायचं की नाही ते ठरू शकतं. वरिष्ठ पायलटने सहज ‘३’ म्हटल्यावर, ‘सर, मग इतकी मेहनत का पडत होती?’ असं मान राखून विचारायची हिंमत शिकवावी लागते. माझ्या मते ती गणितापेक्षा अवघड आहे.

वाट दोन ठिकाणांहून जाते. एक, हवाई दलाची अभियांत्रिकी शाखा. अधिकारी भरतीची एएफकॅट परीक्षा, वय २० ते २६, बारावीत भौतिकशास्त्र आणि गणितात प्रत्येकी ५० टक्के, इंजिनीअरिंगला ६०. हे आकडे आजच तिच्या मार्कशीटवर ताडून बघा. दोन, हेलिकॉप्टर बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीचा बंगळुरूचा हेलिकॉप्टर विभाग. ध्रुव हेलिकॉप्टर १९९२ मध्ये आणि हलकं लढाऊ हेलिकॉप्टर २०१० मध्ये पहिल्यांदा उडालं, ते तिथलंच काम. मी तिच्या जागी असतो तर हवाई दल आधी धरलं असतं. चार वर्षं हँगरमध्ये हात काळे केलेल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. मुलगी म्हणून दार बंद नाही. स्क्वाड्रन लीडर आश्रिता ओलेटी २०२१ मध्ये याच बंगळुरूच्या शाळेतून हवाई दलाच्या पहिल्या महिला फ्लाइट टेस्ट इंजिनीअर झाल्या.

धोक्याबद्दल गोड बोलणार नाही. ६ मार्च २००९ रोजी बंगळुरूजवळ सारस विमान चाचणीत कोसळलं आणि दोन पायलटांसोबत चाचणी अभियंत्याचाही जीव गेला. ते हेलिकॉप्टर नव्हतं, पण काम हेच. अभियंता जमिनीवरून टेलिमेट्री, म्हणजे विमानातून येणारे आकडे, बघतो तसा विमानातही बसतो. म्हणूनच चाचणी पायरीपायरीने वाढवतात आणि कुठे थांबायचं ते उड्डाणाआधी कागदावर ठरतं. हा कागद तपासणं हेही इन्स्ट्रक्टरचंच काम.

तोवर तिला एक अभ्यास द्या. पुढचं हेलिकॉप्टर घरावरून गेलं की त्याबद्दल पाच ओळी लिहायच्या, एकही विशेषण न वापरता. आवाज आधी आला की आकृती, किती सेकंद दिसलं, वळताना काय बदललं. आधी तुम्ही वाचा. तुम्हाला कळल्या नाहीत तर तिला परत लिहायला लावा आणि मग मला पाठवा.