वाचकांचे प्रश्न : स्वॉर्डटेलची पिल्ले जातात कुठे?

प्रश्न : आमच्या टाकीत स्वॉर्डटेल या शोभेच्या माशाचे दोन नर व तीन माद्या असून पाणी विहिरीचे आहे. मादीचे पोट फुगते, एखाद्या सकाळी रिकामे दिसते. पिल्ले मात्र सापडत नाहीत. एक नर सतत पर मिटून कोपऱ्यात असतो. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पिल्ले मोठ्या माशांनी, बहुधा आईनेच, खाल्ली असावीत. स्वॉर्डटेल अंडी न घालता साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिल्ले देतात. गुदद्वाराजवळचा डाग गडद होऊन पोट चौकोनी दिसू लागले की मादीला वनस्पतींनी दाट भरलेल्या वेगळ्या टाकीत हलवावे. अगदी शेवटच्या दिवशी मात्र हात लावू नये, कारण धक्क्याने ती अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते. प्रसूतीनंतर तिला परत नेऊन पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमूटभर, पण दिवसातून अनेकदा द्यावा. उरलेला लगेच काढावा, नाहीतर पाणी नासते.

कोपऱ्यातला नर बहुधा दुसऱ्याच्या दहशतीखाली आहे. एकच नर ठेवावा. तेवढा पुरतो, कारण मादी एका मीलनातले शुक्राणू साठवून अनेक वेळा विते.

पाणीही तपासावे. मध्य अमेरिकेतल्या या माशाला किंचित अल्कधर्मी, कठीण (क्षार जास्त असलेले) पाणी मानवते, तर आपल्याकडे जांभ्यातून झिरपलेले पाणी बरेचदा मृदू व आम्लधर्मी असते. पाणी कठीण होण्यासाठी तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) उकळून धुतलेल्या शिंपल्या फिल्टरमध्ये ठेवाव्यात. स्वयंपाकघरात त्यांचा तुटवडा नसावा! टाकीवर झाकण हवेच, कारण हा मासा उड्या मारतो. जास्तीची पिल्ले ओहोळात सोडू नयेत.