पाडव्याचे ताट आणि पुण्याची नातवंडे

प्रश्न : यंदा १९ मार्चला गुढीपाडव्यासाठी मुलगी, जावई आणि दोन नातवंडे पुण्याहून आमच्या गावी येत आहेत. सासूबाईंना पुरणपोळी, वडाभात आणि कडुलिंबाची चटणी हवीच. नातवंडांना मात्र ‘काहीतरी वेगळे’ हवे आहे. संत्र्याचे श्रीखंड करावे असा विचार आहे, पण गेल्या वर्षी ते पातळ झाले आणि संध्याकाळपर्यंत कडूही लागू लागले. काय चुकले असावे?
– एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, चूक बहुधा रसाची आहे. संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत त्याला कडवटपणा येतो, आणि बिया किंवा पांढरी साल चिरडली गेली असेल तर तो अधिकच जाणवतो. शिवाय साखर मुळातच चक्क्याला पाणी सोडायला लावते. त्यात रसाची भर पडली की श्रीखंडाचा मठ्ठा होणारच. मृग बहाराची संत्री या दिवसांत बाजारात असतात. अर्धा किलो चक्क्याला तीन संत्री घ्या, फोडींवरची पातळ साल आणि बिया काढून आतला गर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा आणि तो वाढण्याच्या वेळीच हलक्या हाताने मिसळा. खाली जमलेला रस नातवंडांना लगेच पिऊ द्या. सुगंधासाठी स्वच्छ धुतलेल्या संत्र्याची फक्त वरची केशरी साल किसून अर्धा चमचा घाला. साखर साडेतीनशे ग्रॅमपर्यंत पुरे.

आपल्याकडे मार्चमध्येच ऊन असे तापते की रात्री विरजलेले दही सकाळी टांगले तर दुपारपर्यंत आंबते. म्हणून आदल्या दिवशी दुपारी विरजावे, दही लागताच संध्याकाळी फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवावे आणि पहाटे काढावे. वीज जाण्याची भीती असेल तर पुरचुंडी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी, वारा लागेल अशा जागी टांगावी.

‘वेगळे’ करण्यासाठी पुरणपोळीला मात्र हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चॉकलेटची पुरणपोळी मी एकदा चाखली आहे आणि दुसऱ्यांदा चाखण्याची इच्छा नाही. आपली पोळी पुरणाने गच्च भरलेली आणि वाटीभर तुपात बुडवून खाण्याची. तिच्यासोबत कटाची आमटी असली की पोरांनाही दुसरे काही सुचत नाही.

नवेपणाला खरी जागा वडाभातात आहे. हरभरा, तूर, मूग आणि थोडी उडीद डाळ भिजवून भरड वाटलेले वडे सासूबाईंना गरम भातावर कुस्करून, हिंग-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतून वाढा. त्याच पिठाचे लहान वडे तळून, कोमट पाण्यात बुडवून दाबून घ्या आणि गोड दही, चिंच-गुळाची चटणी व बारीक शेव घालून नातवंडांपुढे ठेवा. एकाच कढईत दोन पिढ्यांची सोय होते, आणि वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, हे या वयात आपल्यालाही महत्त्वाचे!

चटणीसाठी कडुलिंबाची तांबूस कोवळी पालवी आणि मिळाल्यास मोहर घ्यावा. जून पाने घेतली की मुले पुन्हा नाव काढत नाहीत. भिजवलेली हरभरा डाळ, जिरे, ओवा, हिंग, मीठ, चिंच आणि सढळ हाताने गूळ घालून वाटावी, आणि पालवी खुडायला नातवंडांनाच धाडावे. नैवेद्याला सुपारीएवढी गोळी पुरते.

सूर्यास्तापूर्वी गुढी उतरवली की साखरगाठी तशाच डब्यात पडून राहतात आणि त्यांना मुंग्या लागतात. त्याऐवजी कैरी उकडून तिच्या गरात त्या गाठी विरघळवा, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. जावईबापू गाडीत बसण्यापूर्वी पन्हे तयार असेल.