शाळेत मुक्कामी कलाकार (काही काळ शाळेतच स्वतःचं काम करत मुलांनाही शिकवणारा) म्हणून जाताना

पहिल्या आठवड्यात वर्ग घ्यायची घाई करू नकोस. मधल्या सुट्टीत मुलं जिथून जातात-येतात तिथे कुंभाराचं चाक मांड आणि स्वतःचं काम करत बस. मुलं आपणहून थांबतील, माती मळू का विचारतील, तेव्हा मळू दे.

कलाशिक्षकांना आधी भेट. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा जवळ आल्यावर त्यांचे तास मागू नकोस. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. एरवी एका तासिकेच्या ३५-४० मिनिटांत काहीच होत नाही, म्हणून जोडतास (सलग दोन तासिका) माग.

मातीचे हात बेसिनमध्ये धुऊ देऊ नकोस, पाइप तुंबतो आणि शिपाईमामांना त्रास. बादली ठेव, गाळ बसला की वरचं पाणी झाडांना.

दुपारनंतरचा वेळ मात्र स्वतःच्या कामासाठी लेखी ठरवून घे, नाहीतर स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवण्यातच वर्ष जातं.