आयव्ही या सदाहरित वेलीच्या हेजमध्ये (कुंपणात) क्लेमॅटिसची फुलवेल लावताय?
लावा की, पण आयव्हीच्या अगदी बुडाशी नको, तिथे मुळांची गर्दी आणि माती इतकी कोरडी की कोवळं रोप तग धरत नाही. इंग्लंडातल्या हवेत मी तरी व्हिटिसेला जातीची क्लेमॅटिसच सांगेन, हेजपासून दोनेक फूट लांब खड्डा घ्या, भरपूर कंपोस्ट घाला आणि वेल काठीवरून तिरकी नेऊन वर चढवा, पहिला उन्हाळा पाणी चुकवू नका. हिला फेब्रुवारीत जमिनीपासून फूटभर ठेवून छाटायचं, त्याच वेळी आयव्हीही कापून घ्या, मार्चपासून पक्षी घरटी करायला लागतात मग कात्री बंद! हातमोजे घाला हं, चिकाने खाज सुटते. आयव्ही सगळी मात्र काढू नका, ऑक्टोबरात मधमाश्यांना तिच्याच फुलांचा आधार असतो.